कॅन्सर बायोमार्करच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर कसा तपासायचा: पहिला पेपर पाठवणाऱ्यांसाठी

पीएचडीचं तिसरं वर्ष, आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) मीटिंग. मी फुशारकीने सांगितलं, "पेपर अॅक्सेप्ट झालाय सर, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ५.८७६ आहे." बाहेरून आलेल्या एक्सपर्ट मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि दोनच प्रश्न विचारले. "कोणत्या वर्षाचा? आणि दिला कोणी?"

दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, याचा आकडा. तो मी जर्नलच्या होमपेजवर पाहिला होता, लाल रंगात, लुकलुकणारा. दुपारी लायब्ररीत बसून शोधलं तर तो कुठल्याशा भलत्याच संस्थेने पैसे घेऊन दिलेला निघाला. पेपर परत मागितला तर "विथड्रॉवल फी" भरा म्हणाले. पत्रापत्रीत चार महिने गेले. गाईड रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कुणाचाही पेपर बाहेर जाण्याआधी जर्नल तपासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आमचा विषय कॅन्सर बायोमार्कर, म्हणजे रक्तातली किंवा गाठीतली अशी खूण की जिच्यावरून आजार आहे का, वाढेल का, औषध लागू पडेल का, याचा अंदाज येतो. पीएसए, सीए-१२५, हर-२ ही तुम्हाला माहीत असलेली नावं. या विषयात जर्नलचे आकडे जरा जास्तच फसवे असतात. का, ते पुढे येईलच.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- जर्नलचं पूर्ण नाव आणि दोन्ही आयएसएसएन, म्हणजे जर्नलचे ओळख क्रमांक (छापील आणि ऑनलाइन)
- तुमच्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा पीएचडी, प्रमोशन वा ग्रँटसाठीचा चालू नियम, कागदावर
- जर्नल सायटेशन रिपोर्ट्सचं (इम्पॅक्ट फॅक्टरच्या अधिकृत यादीचं) लॉगिन. संस्थेच्या नेटवर्कवरून उघडतं का ते लायब्ररियनला विचारा. नसेल तर मित्राच्या संस्थेत जाऊन अर्धा तास बसा
- तुमच्या पेपरची संदर्भसूची, कच्ची असली तरी चालेल
- एक एक्सेल शीट. रकाने कोणते, ते शेवटी सांगते

## १. आधी नियम वाचा, मग जर्नल शोधा

उलटं करणारेच जास्त. पेपर छापून येतो आणि मग कळतं की संस्थेला "स्कोपस" हवं होतं, किंवा "एससीआयई" हवं होतं (या जर्नलांच्या दोन वेगळ्या सूची), किंवा नुसतं "क्यू-वन" (क्रमवारीतला वरचा पाव भाग) लिहिलंय आणि कुणाचं क्यू-वन ते लिहिलेलंच नाही.

आपल्याकडे गोंधळ वाढायला कारणही आहे. यूजीसीने आधी मंजूर जर्नलांची एक मोठी यादी काढली. मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढून टाकावी लागली. मग २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली, तिचं काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर टाकली. त्याआधी २०२२ च्या पीएचडी नियमांतून प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही यूजीसीने काढली होती, पण बऱ्याच विद्यापीठांनी स्वतःची अट ठेवली आहे.

थोडक्यात, सिनियर म्हणतो "केअरमध्ये असलं की झालं" ते आता चालत नाही. पीएचडी सेक्शनमध्ये जाऊन सध्याचं परिपत्रक मागा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, फोटो काढून ठेवा.

## २. जर्नल नक्की कोणतं, ते पक्कं करा

बायोमार्करच्या क्षेत्रात नावं एकमेकांची जुळी भावंडं वाटतात. "कॅन्सर बायोमार्कर्स" वेगळं, "बायोमार्कर्स" वेगळं, "बायोमार्कर रिसर्च" वेगळं, "बायोमार्कर्स इन मेडिसिन" वेगळं. "कॅन्सर एपिडेमिऑलॉजी, बायोमार्कर्स अँड प्रिव्हेन्शन" हे अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चचं, १९९१ पासूनचं. नुसतं "कॅन्सर एपिडेमिऑलॉजी" हे तिसऱ्याच प्रकाशकाचं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर लिहिलेला मी प्रबंधातही पाहिला आहे.

म्हणून नावावर न जाता आयएसएसएन धरा. आठ अंकी नंबर असतो आणि शेवटचा अंक हा पडताळणीचा असतो. "कॅन्सर बायोमार्कर्स"चा छापील आयएसएसएन १५७४-०१५३ घ्या. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं:

१×८ = ८, ५×७ = ३५, ७×६ = ४२, ४×५ = २०, ०×४ = ०, १×३ = ३, ५×२ = १०.

बेरीज ११८. तिला ११ ने भागलं की बाकी ८ उरते. ११ मधून ८ वजा केले की ३. शेवटचा अंक ३ आहे, जुळलं. उत्तर १० आलं तर तिथे एक्स हे अक्षर असतं आणि बाकी शून्य आली तर शून्य. बोगस जर्नलांनी मनाने ठोकून दिलेले काही नंबर इथेच गळतात.

पण जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या प्रकारची चोरी अशी असते की खऱ्या जर्नलचं नाव आणि खरा आयएसएसएन उचलून हुबेहूब वेबसाइट उभी करतात. याला हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात. तेव्हा आयएसएसएन पोर्टलवर तो नंबर टाका, तिथलं नाव आणि प्रकाशक बघा, आणि वेबसाइटची लिंक गुगलमधून किंवा ईमेलमधून न घेता वेब ऑफ सायन्स या सूचीच्या मास्टर जर्नल लिस्टवरून किंवा स्कोपसच्या पानावरून घ्या. प्रकाशक बदललेलाही असू शकतो: "कॅन्सर बायोमार्कर्स" अॅमस्टरडॅमच्या आयओएस प्रेसकडे होतं, ती कंपनी २०२३ मध्ये सेज या प्रकाशकाने घेतली. त्यामुळे जुन्या पेपरांवर एक नाव आणि नव्या पानावर दुसरं दिसलं तर दचकू नका, पण बदल कधी झाला ते शोधून घ्या.

## ३. इम्पॅक्ट फॅक्टर एकदा हाताने काढून बघा

हे केल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. कल्पना युजीन गारफिल्ड यांची. त्यांनी १९५५ मध्ये सायटेशनची, म्हणजे कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा संदर्भ दिला याची, सूची करण्याचा प्रस्ताव मांडला, पुढे फिलाडेल्फियात संस्था काढली, आणि कोणती जर्नलं सूचीत घ्यायची हे ठरवायला हा आकडा उपयोगी पडला. माणसाची बढती ठरवायला तो जन्मला नव्हता. आज हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते आणि दरवर्षी जूनमध्ये जाहीर करते.

समजा एका जर्नलने २०२२ मध्ये १४० आणि २०२३ मध्ये १६० संशोधन लेख व रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) छापले. एकूण ३००. या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात ९०० सायटेशन मिळाले. ९०० भागिले ३००, म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३.०. हा आकडा जून २०२५ मध्ये येतो. म्हणून "२०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर" असं २०२५ साली कुणी लिहिलं असेल तर एकतर त्याला माहीत नाही किंवा तो तुम्हाला बनवतोय.

आता याच उदाहरणात खोडी काढू. त्या ९०० पैकी २१० सायटेशन एकाच रिव्ह्यूला मिळाले असतील तर? तो बाजूला केला की ६९० भागिले २९९, साधारण २.३. एका लेखाने जर्नल २.३ वरून ३.० वर नेलं. तुमचा पेपर तिथे छापून आला तर त्याला तीन सायटेशन मिळतील असं यातून अजिबात निघत नाही.

आणखी एक गंमत. भाजकात फक्त संशोधन लेख आणि रिव्ह्यू मोजतात. संपादकीय, पत्रं वगैरे त्यात नाहीत. पण त्यांना मिळालेले सायटेशन वरच्या संख्येत मात्र धरले जातात.

आता माझ्या ५.८७६ कडे वळू. जून २०२३ पासून क्लॅरिव्हेट इम्पॅक्ट फॅक्टर दशांशानंतर एकाच अंकापर्यंत छापतं. त्यामुळे २०२२ किंवा त्यानंतरच्या वर्षासाठी कुणी तीन दशांश दाखवले की समजा दुकान वेगळं आहे. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर चार महिने वाचले असते.

## ४. कुठला आकडा कुठे मिळतो

चार ठिकाणं पुरतात.

जर्नल सायटेशन रिपोर्ट्स. अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर इथेच. वर्गणी लागते. जर्नलच्या पानावर गेल्यावर नुसता मोठा आकडा बघून बाहेर पडू नका. खाली पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर, स्वतःच्याच जर्नलला दिलेले सायटेशन वगळून येणारा आकडा, ऑन्कॉलॉजी वर्गातला क्रम आणि सायटेशनचं वितरण असं सगळं असतं. तिथेच जर्नल सायटेशन इंडिकेटरही दिसेल. त्यात १ म्हणजे त्या विषयातली जगाची सरासरी, त्यामुळे दोन वेगळ्या विषयांची तुलना त्याने जरा बरी होते.

मास्टर जर्नल लिस्ट. ही फुकट. जर्नल एससीआयईमध्ये (वेब ऑफ सायन्सच्या मुख्य विज्ञान सूचीत) आहे, ईएससीआयमध्ये (नव्याने पुढे येणाऱ्या जर्नलांच्या सूचीत) आहे की कुठेच नाही, ते कळतं. लॉगिन नसेल तर प्रकाशकाच्या पानावरचा आकडा घ्या आणि जर्नल या यादीत आहे का ते इथे ताडून बघा. पूर्वी ईएससीआयमधल्या जर्नलांना इम्पॅक्ट फॅक्टर मिळत नसे. २०२३ पासून मिळतो. "ईएससीआय म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर नाही" हे जुने सर अजून सांगतात, ते आता जुनं झालं.

स्कोपस सोर्सेस. हीसुद्धा फुकट. इथे साइटस्कोर मिळतो. साइटस्कोर २०२४ म्हणजे २०२१ ते २०२४ या चार वर्षांत छापलेल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेले सायटेशन, भागिले लेखांची संख्या. खिडकी मोठी असल्याने एकाच जर्नलचा साइटस्कोर बहुधा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. आणि मग काय, फॉर्मवर इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात साइटस्कोर जातो. मुद्दाम असेल वा चुकून, पकडलं गेलं की लाज निघते.

सायमागो. स्कोपसच्याच माहितीवर चालणारी, फुकट. कोणत्या जर्नलने सायटेशन दिलं याला इथे वजन असतं. वजनदार जर्नलचं सायटेशन जास्त मोलाचं. क्वार्टाइल (क्रमवारीचे चार भाग, क्यू-वन ते क्यू-फोर) इथेही असतात, पण ते जर्नल सायटेशन रिपोर्ट्सच्या क्वार्टाइलशी जुळतीलच असं नाही. एकच जर्नल सायमागोत क्यू-टू आणि तिकडे क्यू-थ्री असू शकतं. शिवाय एकाच यादीत ते ऑन्कॉलॉजीत एका क्वार्टाइलमध्ये आणि जेनेटिक्समध्ये दुसऱ्यात असतं. म्हणून "क्यू-वन" एवढंच लिहू नका. यादी, वर्ष, वर्ग, तिन्ही लिहा.

## ५. आकड्याच्या पोटात काय आहे ते बघा

कॅन्सरच्या जर्नलांत सर्वांत मोठा इम्पॅक्ट फॅक्टर अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या "सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स"चा असतो. २०२० साठी तो ५०८.७ होता. पाचशे आठ! यामागे जादू नाही. कॅन्सरचे दरवर्षीचे आकडे देणारे अहवाल हे जर्नल छापतं आणि जगात कुणीही कॅन्सरवर पेपर लिहिला की पहिल्या वाक्यात "दरवर्षी इतके रुग्ण" म्हणत तो अहवाल सायटेट करतो. तुम्हीही केला असेल, मीही केलाय. पुढच्याच वर्षी आकडा २८६.१ वर आला. जर्नल निम्म्याने वाईट झालं का? काहीच झालं नाही.

याहून टोकाचं उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. "अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए"चा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता आणि २००९ मध्ये ४९.९२६ झाला. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एका सॉफ्टवेअरवरचा एकच लेख हजारो वेळा सायटेट झाला, एवढंच कारण.

आपल्या पातळीवर याचा उपयोग असा करा. जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये वितरणाचा आलेख उघडा. बहुतेक ठिकाणी डावीकडे उंच ढीग दिसेल, शून्य, एक, दोन सायटेशनवाल्या लेखांचा, आणि उजवीकडे लांब शेपूट. शेपटात कोण आहे ते वाचा. रिव्ह्यू आणि मार्गदर्शक तत्त्वंच असतील, तर संशोधन लेखांची मधली किंमत (मीडियन) बघा. ती तुमच्यासाठी खरी. लॉगिन नसेल तर गुगल स्कॉलर मेट्रिक्समध्ये जर्नलचं नाव टाका, गेल्या पाच वर्षांतले सर्वांत जास्त सायटेट झालेले लेख क्रमाने दिसतात. दहा मिनिटांचं काम.

## ६. बायोमार्करचं दुखणं वेगळं आहे

एखादी खूण खरोखर उपयोगी आहे हे ठरायला वर्षं लागतात. २००१ मध्ये मार्गारेट पेपी आणि सहकाऱ्यांनी लवकर निदानाच्या बायोमार्करसाठी पाच टप्पे मांडले: आधी प्रयोगशाळेतला शोध, मग चाचणी रुग्णांत चालते का, मग जुन्या साठवलेल्या नमुन्यांत ती खूण निदानाआधी दिसत होती का, मग प्रत्यक्ष तपासणी मोहीम, आणि शेवटी मृत्यू कमी झाले का. पहिल्या टप्प्याचा पेपर सहा-आठ महिन्यांत होतो. चौथ्या-पाचव्याला दहा वर्षंही जातील.

आता इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी दोन वर्षांची. म्हणजे बक्षीस कुणाला? "अमुक मायक्रोआरएनए (पेशीतला एक छोटा आरएनए रेणू) तमुक कॅन्सरमध्ये वाढलेला" असल्या पहिल्या टप्प्याच्या पेपरांना, कारण त्यांच्यासारखेच दुसरे शंभर पेपर त्यांना लगेच सायटेट करतात. "ही खूण मोठ्या गटात टिकली नाही" असं सांगणारा कष्टाचा पेपर दोन वर्षांत फारसा सायटेट होत नाही. म्हणून बायोमार्करच्या जर्नलला पाच वर्षांचा आकडा जास्त न्याय देतो, असं माझं मत आहे. दोन जर्नलांत अडकलात तर तो बघा.

जास्त सायटेशन म्हणजे जास्त खरं, हेही धरून चालू नका. इओआनिडिस आणि पानागिओतू या संशोधकांनी २०११ मध्ये "जामा" या अमेरिकन वैद्यकीय जर्नलात ३५ गाजलेले बायोमार्कर तपासले. गाजलेल्या पेपरात जो परिणाम मोठा दिसत होता, तो नंतरच्या मेटा-अॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) बहुतेक ठिकाणी लहान निघाला.

दुसरा धोका पेपर मिलचा. पैसे घेऊन तयार पेपर विकणाऱ्या टोळ्यांना मायक्रोआरएनए आणि लाँग नॉनकोडिंग आरएनए हा विषय फार सोयीचा, कारण साचा एकच आणि नुसतं जनुकाचं नि कॅन्सरचं नाव बदलायचं. सिडनीच्या संशोधक जेनिफर बर्न यांनी अशा पेपरांतल्या प्रायमरच्या (जनुक ओळखायला वापरलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) क्रमांवरून चुका पकडल्या: ज्या जनुकासाठी म्हणून क्रम दिला, तो त्या जनुकाचा नव्हताच. तुम्हीही हे करू शकता. निवडलेल्या जर्नलचे ताजे पाच पेपर घ्या, त्यातले प्रायमर ब्लास्टमध्ये (क्रम कोणत्या जनुकाशी जुळतो ते सांगणाऱ्या ऑनलाइन साधनात) टाका. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनियरने एका जर्नलचे पाच तपासले, दोनांत प्रायमर भलतीकडेच बसत होते. ते जर्नल आम्ही यादीतून काढलं. इम्पॅक्ट फॅक्टर चांगला होता.

## ७. आज यादीत आहे, उद्या असेल का?

या विषयात सर्वांनी लक्षात ठेवावी अशी घटना "ट्यूमर बायोलॉजी"ची. ऑन्कॉलॉजी आणि बायोमार्करच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीचं हे जर्नल, इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या घरात, आपल्याकडचेही कित्येक पेपर त्यात. एप्रिल २०१७ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशकाने २०१२ ते २०१६ मधले १०७ पेपर एकदम मागे घेतले. पीअर रिव्ह्यूच (छापण्याआधी तज्ज्ञांनी करायची तपासणी) खोटा होता: रिव्ह्यूअर म्हणून सुचवलेल्या लोकांची नावं खरी, ईमेल पत्ते बनावट. त्याच वर्षी वेब ऑफ सायन्सने जर्नल यादीतून काढलं. ज्यांनी सचोटीने काम करून तिथे पेपर दिला होता, त्यांनाही मुलाखतीत खुलासे करत बसावं लागलं.

"ऑन्कोटार्गेट" हे जर्नलही २०१८ च्या सुरुवातीला वेब ऑफ सायन्सच्या यादीतून गेलं. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने हिंदावी या प्रकाशकाची १९ जर्नलं एकदम वगळली.

तेव्हा सबमिट करण्याच्या दिवशी आणि अॅक्सेप्ट झाल्यावर फी भरण्याआधी, असं दोनदा तपासा:

- मास्टर जर्नल लिस्टमध्ये जर्नल आजही दिसतं का, "ऑन होल्ड" (चौकशीसाठी थांबवलेलं) असा शेरा आहे का
- स्कोपसच्या पानावर कव्हरेजची वर्षं "आजपर्यंत" अशी आहेत की मध्येच थांबली आहेत
- रिट्रॅक्शन वॉच डेटाबेसमध्ये जर्नलचं नाव टाकल्यावर किती पेपर मागे घेतलेले दिसतात आणि कारणं काय. एक-दोन असतील तर घाबरू नका, उलट संपादक जागे आहेत. एका दिवशी चाळीस दिसले तर मात्र थांबा
- वर्षाला छापलेल्या पेपरांची संख्या अचानक चौपट-पाचपट झाली आहे का

## ८. नेहमीचे सापळे

"पबमेडमध्ये दिसतं." पबमेड (शोधण्याचं संकेतस्थळ), मेडलाइन (निवडक जर्नलांची सूची) आणि पीएमसी (पूर्ण पेपरांचा संग्रह) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी सरकारच्या एनआयएचच्या निधीतून झालेला एखादा पेपर लेखकाने पीएमसीत जमा केला की तो पबमेडमध्ये दिसतो, जर्नल कसंही असो. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नल शोधा आणि सध्या मेडलाइनसाठी सूचीबद्ध आहे का, ती ओळ वाचा.

"ग्लोबल" किंवा "युनिव्हर्सल" इम्पॅक्ट फॅक्टर. इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी कुठलंही भारदस्त विशेषण दिसलं की दार लावून घ्या. माझा ५.८७६ याच कुळातला.

"सात दिवसांत पीअर रिव्ह्यू." "सायन्स" नियतकालिकासाठी जॉन बोहानन यांनी २०१३ मध्ये दगडफुलासारख्या लायकेनमधून कॅन्सरविरोधी रेणू काढल्याचा, मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर ३०४ ओपन अॅक्सेस (वाचकांना फुकट) जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. सात दिवसांत कॅन्सरचा पेपर वाचून होत नाही हो, रिव्ह्यूअरला सापडायलाच महिना लागतो.

फीची शेवटी कळणारी रक्कम. सबमिट करण्याआधी फीचं पान उघडा. भारत रिसर्च-फॉर-लाइफ या (गरीब देशांना जर्नलं स्वस्तात देणाऱ्या) उपक्रमाच्या पात्र देशांच्या यादीत नाही, त्यामुळे तिच्यावर आधारलेली आपोआप माफी आपल्याला मिळत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलात बहुधा लेखकाला फी नसते, हा पर्याय आपली मुलं विसरूनच गेली आहेत. वाचायला मिळत नाही ही तक्रारही आता कमी झाली: जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना उघडतात.

"आमच्या जर्नलचे पाच पेपर सायटेट करा." संपादकाने विषयाशी संबंध नसलेले पेपर घालायला सांगितले तर तो स्वतःचा आकडा फुगवतोय. नम्रपणे कारण विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पेपर काढून घ्या.

## ९. यादी तुमच्याच संदर्भांतून काढा

इतकं झाल्यावर जर्नल कुठून निवडायचं? ईमेलमधल्या आमंत्रणातून तर नाहीच. तुमची संदर्भसूची समोर ठेवा आणि जर्नलांची नावं मोजा. तोंडाच्या कॅन्सरमधल्या मिथिलेशन मार्करवर (डीएनएवरच्या रासायनिक खुणेवर) आमचा पेपर होता. ४२ संदर्भांत एक जर्नल सहा वेळा आलं, दुसरं चार वेळा. ज्यांना आपण वाचतो तेच आपल्याला वाचणार. त्या दोघांतल्या लहान इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलकडे आम्ही गेलो, कारण तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारे लोक तिथे होते. पेपरला सायटेशन हळूहळू मिळाले, पण मिळाले ते त्याच विषयातल्या लोकांकडून.

तीन-चार नावं निघाली की प्रत्येकाच्या सूचना वाचा. आजाराचा पुढचा प्रवास सांगणारा मार्कर असेल तर रीमार्कची चेकलिस्ट मागतात का, निदानाचा असेल तर स्टार्डची मागतात का? (अशा अभ्यासांत काय काय नोंदवायचं, याच्या या ठरलेल्या याद्या.) मागत असतील तर माझ्या दृष्टीने ती जर्नलच्या बाजूने मोठी खूण आहे. काहीच मागत नसतील आणि फीचं पान मात्र ठळक असेल, तर काय समजायचं ते समजा.

## १०. नोंद ठेवा

एक्सेल शीटचे रकाने: जर्नलचं पूर्ण नाव, दोन्ही आयएसएसएन, प्रकाशक, इम्पॅक्ट फॅक्टर आणि त्याचं वर्ष, पाच वर्षांचा आकडा, साइटस्कोर आणि त्याचं वर्ष, क्वार्टाइल (यादी, वर्ग), मेडलाइन हो किंवा नाही, फी, कोणत्या तारखेला तपासलं, कुणी तपासलं. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह त्याच फोल्डरमध्ये. जर्नल पुढे यादीतून गेलं, तर तुम्ही पेपर दिला तेव्हा ते होतं याचा पुरावा एवढाच असतो.

फॉर्म भरताना कोणतं वर्ष लिहायचं, हा प्रश्न हमखास येतो. काही ठिकाणी छापलेल्या वर्षाचा आकडा मागतात, काही ठिकाणी अर्जाच्या वेळचा ताजा. नियमात नसेल तर दोन्ही लिहा, वर्षासकट. छापलेल्या वर्षाचा आकडा पुढच्या जूनशिवाय येत नाही, तेव्हा फेब्रुवारीत अर्ज भरत असाल तर त्या रकान्यात "जूनमध्ये अपेक्षित" लिहायला संकोच करू नका. गेल्या वर्षी मी स्वतः तसं लिहिलं. समितीत त्याच मॅडम होत्या. त्यांनी रकाना वाचला, पान उलटलं आणि मार्करच्या कट-ऑफबद्दल विचारलं.